हॉलमार्क सोन्यावर होता, खड्यांवर नव्हता

७२,२९९ रुपये. आधी आकडाच सांगते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. ७०,८०० हिऱ्याच्या म्हणून घेतलेल्या कुड्यांचे आणि १,४९९ गाणी ऐकायच्या प्लेअरचे. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून, पाऊण तासात.

हे लिहावं की नाही यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, झालं ते झालं, चारचौघांत कशाला सांगायचं. लाज मलाही वाटते. एकवीस वर्षं मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दुसऱ्यांची बिलं तपासून पास करणं हेच माझं काम. पण त्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी माझ्यासारख्या चाळीस-पन्नास बायका होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींना अजून कळलंही नसेल.

नोव्हेंबर २०२४. लेकीचं लग्न डिसेंबरात. कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये १५, १६, १७ तारखेला दागिन्यांचं प्रदर्शन होतं, रविवारी शेवटचा दिवस. लॅब ग्रोन हिऱ्यांबद्दल मी वाचलं होतं. खाणीतला नाही, कारखान्यात वाढवलेला, पण हिराच, तोच कार्बन, आणि किंमत खाणीच्या हिऱ्यापेक्षा कितीतरी कमी. लेकीला सात खड्यांच्या कुड्या हव्या होत्या. खाणीच्या हिऱ्याच्या घेण्याची आमची ऐपत नाही, म्हणून लॅब ग्रोन. यात माझं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही. मी हावरटपणा केला नव्हता. कोणी निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तिथून निघाले असते. त्याने बाजाराच्याच आसपासचा भाव सांगितला, म्हणून तर विश्वास बसला.

मी गेले तीच तयारीने. सोन्यावरचा हॉलमार्क बघितला: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, १८ कॅरेटचा ७५० आकडा आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही हे मला माहीत होतं. फोनवर बीआयएस केअर ॲप उघडून त्याच्यासमोर तो नंबर टाकला. सगळं बरोबर आलं. तो माणूस म्हणाला, "ताई, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली की आम्हालाही बरं वाटतं." आणि मी खूश झाले.

ॲप खरं तेच बोललं होतं, पण ते सोन्याबद्दल बोललं होतं. सोनं आजही खरंच आहे. खड्यांबद्दल हॉलमार्क एक शब्द बोलत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! तुम्ही तरी लक्षात ठेवा.

मग त्याने ते यंत्र काढलं. पेनासारखं, पुढे बारीक टोक. शेजारी अमेरिकन डायमंडची एक अंगठी मुद्दाम ठेवलेली. तिला टोक लावलं, काही नाही. माझ्या कुडीच्या खड्याला लावलं, हिरवे दिवे भराभर चढले आणि टूं वाजलं. चौदाच्या चौदा खडे त्याने एकेक करून वाजवून दाखवले. मी भिंगातून बघू का म्हटलं, तर म्हणाला, "ताई, मशीनपेक्षा डोळा मोठा का?" मी गप्प बसले. तिथे गप्प बसायला नको होतं.

ते पेन उष्णता मोजतं. हिरा उष्णता पटकन ओढून घेतो, म्हणून पेन वाजतं. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, झिर्कोनियमचं ऑक्साइड, तो उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून पेन गप्प. पण तिसरा एक खडा आहे, मॉयसनाइट. बाजारात त्याला मोझोनाइटही म्हणतात. सिलिकॉन कार्बाइड. तो उष्णता इतकी चांगली नेतो की साधं पेन त्यालाही हिराच म्हणतं. दोन्ही ओळखणारी यंत्रं वेगळी असतात, ती विजेवरही तपासतात. आमच्यासमोर धरलेलं यंत्र खोटं नव्हतंच. चुकीच्या कामाला लावलेलं खरं यंत्र होतं.

आता बिल. हे लिहिताना हात थरथरतो.

सोनं ४.८ ग्रॅम, ५,७५० ने २७,६००. खडे १.४० कॅरेट, २७,००० ने ३७,८००. घडणावळ ३,३६०. बेरीज ६८,७६०. त्यावर तीन टक्के जीएसटी २,०६२.८०. एकूण ७०,८२२.८०. ही सगळी बेरीज मी तिथे उभ्या उभ्या तोंडी केली. बरोबर होती. वरचे २२ रुपये ८० पैसे त्याने सोडले, म्हणून मला बरंही वाटलं. पण खड्यांच्या ओळीत 'स्टोन एम' असं लिहिलं होतं. डायमंड हा शब्द अख्ख्या बिलात कुठेच नव्हता. आणि वर छापलेला जीएसटी नंबर २७ ने सुरू होत नव्हता. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो हे मी ऑफिसात दिवसातून वीस वेळा बघते! पुण्यात दुकान मांडून बसलेल्या माणसाच्या बिलावर परराज्यातला नंबर का, हा प्रश्न ऑफिसच्या कुठल्याही बिलावर मी दोन सेकंदांत विचारला असता. त्या दिवशी आकडे तपासले, शब्द वाचले नाहीत.

रात्रीचे पावणेनऊ झाले होते, हॉलचे दिवे निम्मे मालवले होते, मागे रांग होती, सासूबाई पाय दुखतात म्हणून खुर्ची शोधत होत्या. ही कारणं आहेत, मला माहीत आहे. पण ती खरी आहेत. पन्नास हजार यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव येण्याऐवजी कुणा बाईचं नाव आलं. "मालकांच्या मिसेस." बरं. उरलेले २०,८०० रोख, कारण कार्डाचं मशीन म्हणे बंद पडलं होतं. खडे हिऱ्याचे असल्याचं सर्टिफिकेट विचारलं तर, "लॅबमधून तीन आठवड्यांत कुरियरने घरी येईल." ते आजतागायत आलेलं नाही. सर्टिफिकेट मागून येणार असेल तर दागिनाही मागूनच घ्या, आणि पैसेही मागूनच द्या.

साठ हजारांवरच्या खरेदीला त्याची एक स्कीम होती. १२८ जीबीचा म्युझिक प्लेअर, छापील किंमत ४,९९९, आपल्याला १,४९९ ला. वेगळं बिल नाही. मला लगेच अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ८४. त्यांना मोबाइल जमत नाही, स्क्रीनला चुकून बोट लागतं आणि भलत्यालाच फोन जातो. त्यांचा जुना रेडिओ बंद पडला होता. त्यांना बटणं असलेलं काहीतरी हवं होतं, पहाटे उठल्यावर दाबलं की भीमसेनजींचे अभंग, कुमारजींची निर्गुणी भजनं, माणिकताई. एवढंच.

भाच्याने कॉम्प्युटरला जोडून बघितलं, ११९ जीबी दिसले. १२८ चे खरे तेवढेच दिसतात, म्हणजे ठीक, असं तो म्हणाला. दोन संध्याकाळी बसून त्याने ३,२०० गाणी भरली. दिसत सगळी होती. गायकांची नावं, गाण्यांची नावं, यादी पुरी.

अण्णा दहा दिवस काही बोलले नाहीत. अकराव्या दिवशी पहाटे मी चहा द्यायला गेले तर ते पलंगाच्या कडेला बसले होते, श्रवणयंत्र काढून त्याची बॅटरी बदलत होते. शेजारी तिपाईवर तीन वापरलेल्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या. म्हणाले, "सूनबाई, माझे कान गेले बहुतेक. अभंग मधेच थांबतो, मग नुसती खरखर." दहा दिवस तो माणूस आपले कान गेले असं समजून गप्प बसला होता. कुड्यांच्या ७०,८०० पेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

भाच्याने मग नीट तपासलं. पूर्ण क्षमता भरून पुन्हा वाचून बघणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात, एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा एक आहे. रात्रभर चालवला. खरी जागा निघाली ७.४ जीबी. म्हणजे आत आठ जीबीची चिप. तिला १२८ सांगायला शिकवलेलं. पहिले आठ भरले की पुढचं सगळं एकतर हवेत जातं किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. गाण्यांच्या नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून ती शाबूत दिसते. प्लेअर, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, काहीही घ्या, कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत पूर्ण भरून वाचून बघा. आणि बिलाशिवाय घेऊ नका, एक रुपयाची वस्तू असली तरी.

कुड्यांचं फेब्रुवारीत कळलं. एका कुडीचा मळसूत्राचा दांडा सैल झाला म्हणून लेकीने त्या माहेरी आणल्या. मी पेठेतल्या आमच्या जुन्या सराफांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कुडी सरळ धरली, मग तिरकी केली, मग परत तिरकी केली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. "ताई, खड्याच्या आत बघा. मागच्या पैलूंच्या कडा कशा दिसतात?" प्रत्येक कड दोन-दोन दिसत होती, चष्म्याचा नंबर चुकल्यावर दिसते तशी. हिऱ्यात एकच दिसते. मॉयसनाइटमध्ये तिरकं बघितलं की दोन. नंतर त्यांनी दोन्ही ओळखणारं यंत्र लावलं, त्यावर मॉयसनाइट अशी अक्षरंच आली. चौदा खड्यांचे किती, विचारलं. "दोन हजारांच्या वर मला सांगता येणार नाही."

म्हणजे ३७,८०० चे दोन हजार.

लग्नात माझ्या मावससासूबाई म्हणाल्या होत्या, "कुड्यांत रंग फार खेळतात गं, हिरा असा नाचत नाही." मला राग आला होता. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, मॉयसनाइट हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त रंग फेकतो. ज्या बायकांनी आयुष्यभर एक हिऱ्याची कुडी जपली त्यांचं ऐका.

आता पोलीस. चौकीत मी चार वेळा गेले. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्यांदा, "हॉल ज्या हद्दीत आहे तिथे जा." तिथे गेले तर, "तुम्ही राहता कुठे? मग तिकडे द्या." परत पहिल्या चौकीत. साहेबांनी बिल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "सोनं खरं आहे ना?" म्हटलं, हो. "मग फसवणूक कसली? बिलात हिरा लिहिलाय का? हा सिव्हिल मॅटर आहे, वकील करा." म्हणजे ज्या 'स्टोन एम' शब्दांनी मला फसवलं तेच शब्द त्याला वाचवणार! एक वस्तू सांगून दुसरी विकणं हा गुन्हा नाही का? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे मग? मी अर्ज लेखी दिला, पोच मागितली, तर शिक्का सापडत नाही म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. पावणेदोन तासांनी शिक्का सापडला. त्या पावणेदोन तासांत माझ्यासमोर तीन जणांना "अर्ज ठेवून जा" सांगून वाटेला लावलं, आणि ती माणसं पोच न घेता गेली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या अर्जाचा तेवढाच पुरावा असतो.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ज्या बाईच्या खात्यात पन्नास हजार गेले तिचं खातं त्यांना दिसतं, पण मला सांगता येत नाही. हॉलवाल्यांनी हात वर केले, आम्ही फक्त भाड्याने देतो. भाडेकराराची प्रत मागितली तर, "पोलिसांनी मागितली तर देऊ." पोलीस मागत नाहीत. बिलावरचा मोबाइल बंद. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात दोन खिडक्यांवरून तिसऱ्या खिडकीला पाठवलं आणि तिसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. मी अर्ध्या दिवसाच्या रजा किती टाकल्या याचा हिशोब ७२,२९९ मध्ये धरलेलाच नाही.

शेवटी एप्रिलमध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार मी स्वतः दाखल केली, वकिलाशिवाय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता परराज्यातला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, सराफांनी लेटरहेडवर लिहून दिलेला अभिप्राय आणि प्लेअरच्या तपासणीचा रिपोर्ट जोडला. प्लेअरच्या १,४९९ चं बिल नसल्याने ती मागणी टिकेल असं वाटत नाही.

अमेरिकन डायमंड घालण्यात काही कमीपणा नाही. तुळशीबागेतून ६५० रुपयांना घेतलेला सेट मी गेली सहा वर्षं मिरवते, दुकानदाराने तो अमेरिकन डायमंड म्हणूनच विकला. मॉयसनाइटही सुंदर खडा आहे, मॉयसनाइटच्या भावाने घ्या. हिऱ्याच्या भावाने घेणार असाल तर बिलावर 'लॅब ग्रोन डायमंड' असे पूर्ण शब्द लिहून घ्या, कॅरेटसकट. खड्यांच्या सर्टिफिकेटचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर जागच्या जागी टाकून बघा. नाही म्हणाला तर उठा.

१५ ते १७ नोव्हेंबर २०२४ ला कोथरूडच्या त्या प्रदर्शनात तुम्ही खड्यांचा दागिना घेतला असेल तर बिल काढून बघा. 'स्टोन एम' लिहिलं असेल तर दोन्ही ओळखणाऱ्या यंत्रावर तपासून घ्या आणि मला कळवा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझ्या अर्जाची शिक्का असलेली पोच माझ्याकडे आहे. चौकीत पाचव्यांदा जाईन तेव्हा मला एकटीने जायचं नाही.