अलिप्त मांजराशी गट्टी: हातातला खाऊ की काठीचा खेळ?
खाऊ देणं सोपं. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे चार-पाच तुकडे पुरतात. कांदा-लसूण अजिबात नको, मांजरांना तो विषारी. पण बुजरं मांजर तुकडा उचलून पळतं आणि गट्टी होते ती खाऊशीच.

खेळ आम्हाला उजवा वाटतो. तीन फुटी काठीमुळे तुमचा हात लांब राहतो, मांजराला धीर येतो. काठीच्या दोरीला बांधलेलं पीस त्याच्या अंगावर नाचवू नका, सोफ्याआड सरपटत न्या. भक्ष्य स्वतःहून शिकाऱ्याकडे येत नसतं. जेवणाआधी दहा मिनिटं खेळवा, शेवटी पीस पकडू द्या, नाहीतर ते चिडचिडतं. कान मागे गेले, शेपटी आपटू लागली की थांबा. नंतर काठी कपाटात ठेवा. दोरी गिळली तर आतडी आवळली जातात, शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.