वैमानिकीचा घरबसल्या अभ्यास: विकतचे ॲप आणि मोफतची पुस्तके

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी मी पेडण्यातील घरी बसून करीत आहे आणि त्यासाठी एका ॲपची वार्षिक वर्गणी भरली होती. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स व टेक्निकल या विषयांचे हजारो बहुपर्यायी प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे ७० टक्के गुण पडेपर्यंत हव्या तितक्या सराव-परीक्षा, एवढ्यावरच मी भुलले, हे आधी कबूल करते.

प्रश्न सोडवण्याचा वेग वाढतो, यात शंका नाही. स्पष्टीकरणांवर मात्र विसंबू नये. ५०० फूट उंचीच्या विमानतळावर क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या पातळीला आणलेला हवेचा दाब) १००३ असताना प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाब धरून येणारी उंची) किती, या साध्या प्रश्नाला ॲपने २०० फूट हे उत्तर बरोबर धरले आहे. प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे फरक १०. दर हेक्टोपास्कलला ढोबळमानाने ३० फूट धरले तर ३०० फूट होतात, आणि दाब कमी असल्यामुळे ते वजा न करता मिळवायचे असतात. उत्तर ८०० फूट. चूक कळवल्यावर ‘नोंद घेतली आहे’ एवढा निरोप आला. २०० आहे तिथेच आहे. सरावाच्या नकाशात गोव्यात फक्त दाबोळी विमानतळ दिसतो. पेडण्यातल्याच मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडत आहेत आणि ती रोज माझ्या डोक्यावरून जातात!

याउलट अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचे ‘पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज’ पीडीएफ स्वरूपात मोफत मिळते. ६० अंश कलून, उंची कायम राखत घेतलेल्या वळणात विमानावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा (ज्याखाली पंखांची उचल कोसळते तो) वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, हे त्यातील आलेख पाहिल्यावर मला पाठ करावे लागले नाही. अर्थात तेथे दाब पाऱ्याच्या इंचांत आणि दृश्यमानता मैलांत असते, आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाची आपल्याला लागणारी माहितीही त्यात मिळत नाही. नियमांसाठी एफएएकडे वळूच नये. त्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील एआयपी ही अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तिका आहे, तेही विनामूल्य.

हवामानशास्त्र मला खरे समजले ते दोन्ही विमानतळांचे मेटार (विमानतळावरील हवामानाचे नियमित सांकेतिक अहवाल) शेजारी शेजारी वहीत उतरवू लागल्यावर. आषाढातील एका सकाळी मोपाच्या मेटारमध्ये जोरदार पाऊस आणि ८०० फुटांवर ढग होते. त्याच वेळी दाबोळीने ढगांचा तळ १२०० फूट दाखवला होता. दोन ठिकाणचे ढग वेगळे, असे मी लिहून टाकले आणि मग चूक लक्षात आली. मेटारमधील ढगांची उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर त्या विमानतळाच्या पातळीपासून मोजतात, आणि मोपा तर दाबोळीपेक्षा उंच पठारावर आहे, म्हणजे ढग एकाच पातळीवरचे असू शकतात. असा प्रश्न ॲपमध्ये मला एकदाही भेटला नाही.

संगणकावरील सिम्युलेटर व्हीओआरच्या (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरील रेडिओ केंद्राच्या) सरावापुरता ठीक आहे. परवान्यासाठी लागणाऱ्या उड्डाणाच्या २०० तासांत घरचे ते तास धरले जात नाहीत.

वर्गणीचे नूतनीकरण मी केलेले नाही. ॲपला सतत इंटरनेट लागते आणि पावसाळ्यात आमच्या वाड्यावर वीज गेली की राऊटर बंद पडतो. टॅबवर उतरवून ठेवलेले हँडबुक तेव्हाही उघडते.