शनिवार, साडेसात, पहिला मजला: ठाण्यातल्या एए मीटिंगविषयी

वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो, राहायला वर्तकनगरला. अकरा महिने झाले, दारू घेतलेली नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेला गट. त्यांच्या ज्या मीटिंगमुळे हे झालं तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सापडायला वेळ लागला, ते आधी सांगतो. मोबाइलच्या नकाशावर एक पत्ता मिळाला म्हणून कंपनी सुटल्यावर तिथे गेलो, तर शटर बंद. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ते लोक कधीच गेले इथून." परतीच्या वाटेवर बार होता. त्या रात्री किती घेतली ते आठवत नाही. म्हणून नवीन माणसाला माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी एएच्या हेल्पलाइनला फोन करा, मीटिंग कुठे आहे ते विचारून घ्या आणि मगच घराबाहेर पडा.

मी फोन केला तेव्हा समोरच्या माणसाने नाव विचारलं नाही. "रोज घेता का? सकाळी हात थरथरतात का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग घरच्या घरी एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा." हे फार लोकांना माहीत नसतं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. मी पाच दिवस दवाखान्यात काढले आणि त्यानंतरच्या शनिवारी मीटिंगला गेलो.

महापालिकेच्या शाळेतला वर्ग. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, बाक तिसरीतल्या पोरांचे, गुडघे वर येतात. वीसेक माणसं होती. रिक्षावाले, बँकेतले, एक निवृत्त शिक्षक. दाराशी चहा देणारे एक काका होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि कप अर्धाच भरला. बाकी सगळ्यांना भरून दिला होता. पुढे महिन्याभराने मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सांडला असता तर तू पुन्हा आला नसतास." त्यांना दारू सोडून तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

पैसे लागत नाहीत. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तिच्यात सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात. जागेचं भाडं, चहा त्यातूनच. बाहेरच्यांची देणगी एए घेत नाही. नवीन माणसाला तर "तू टाकू नकोस" असंच सांगतात. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने खलास झालेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून हे उभं राहिलं. आजही मुख्य काम तेच. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही.

मी तीन वेळा माळ घातली होती, तिन्ही वेळा उतरवली. श्रावण मात्र दरवर्षी कडक पाळायचो. गटारीला शेवटची, मग महिनाभर थेंब नाही. त्यावर घरात मोठ्याने सांगायचो, "बघा, माझ्या ताब्यात आहे." तिसऱ्या मीटिंगला निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी सोळा श्रावण पाळले. प्रत्येक श्रावणात मी दिवस मोजत होतो." माझ्या अंगावर काटा आला. मीसुद्धा मोजायचो, भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने टिंबं करून. इथे कुणी महिन्याची शपथ घेत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, पहिला घोट टाळायचा, बस. कंपनी सुटायची वेळ माझी सगळ्यात वाईट, म्हणून माझे स्पॉन्सर, म्हणजे नवीन माणसाला सांभाळणारा जुना सभासद, सुरुवातीचे तीन महिने रोज त्याच वेळी फोन करायचे. कधी दोनच मिनिटं, जेवणात काय आहे एवढंच विचारायला.

दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांच्यात देवाचा उल्लेख येतो, त्यामुळे काही जण बिचकतात. आमच्यात एक देव न मानणारे आहेत. ते म्हणतात, माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे हा वर्ग. कुणी वाद घालत नाही.

उणीव आहे ती बायकांची. आमच्याकडे एकच ताई येतात. पहिल्या दिवशी त्या जिन्यावरूनच परत गेल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. ऑनलाइनसुद्धा मीटिंग होतात, इतक्या पुरुषांत बसणं जड जात असेल तर तिथून सुरुवात करावी. शिवाय इथे औषध मिळत नाही, डॉक्टर नसतो. ज्याला त्याची गरज आहे त्याने उपचार चालू ठेवूनच यावं.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा गट असतो, त्यांच्या मीटिंग वेगळ्या. माझी बायको मी जायच्या आधीपासून तिथे जात होती, नातेवाइकाकडे जाते सांगून. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. आता शनिवारी आम्ही दोघं एकाच बसने निघतो. ती दोन स्टॉप आधी उतरते.

शाळेचं नाव इथे लिहीत नाही, हेल्पलाइनवाले सांगतील. गेटवर वॉचमनला "मीटिंग" एवढंच म्हणा. तो काही विचारत नाही, हाताने जिना दाखवतो.