घर श्टुटगार्टमध्ये की वाइल डेर श्टाटला?

पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला नोकरीसाठी जाणाऱ्या जोडप्यांपुढे पहिला पेच घराचा असतो. शहरात राहायचं की लोकल धरून बाहेर? बाहेरचं म्हणून एस-६ लोकलचं शेवटचं स्टेशन घेऊ: वाइल डेर श्टाट. वस्ती साधारण १९ हजार. श्टुटगार्टची ६ लाख.

आधी ऑफिस बघा, भाडं नंतर. वाइलहून दुसरं स्टेशन रेनिंगेन. तिथे बॉशचं संशोधन केंद्र आहे. पुढे याच मार्गावर झुफेनहाउझेनला पोर्शे आणि फॉयरबाखला बॉशचा कारखाना. या पट्ट्यात नोकरी असेल तर शहरातलं चढं भाडं भरू नका. मर्सिडीजच्या उंटरट्युर्कहाइमला जायचं तर गोष्ट वेगळी. मुख्य स्टेशनापर्यंतच ४० मिनिटं, मग गाडी बदला. शिवाय ‘श्टुटगार्ट २१’ या स्टेशन प्रकल्पापायी लोकलचा मधला बोगदा अनेक उन्हाळ्यांत कित्येक आठवडे बंद राहिला आहे.

जाहिरातीतला आकडा बहुधा ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसतं घरभाडं, असतो. हीटिंग, पाणी वेगळं. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत मागता येते. हे दोन्हीकडे सारखंच.

गाव मात्र मनात भरतं. जुनी तटबंदी आणि बुरूज उभे आहेत. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर इथेच जन्मला, २७ डिसेंबर १५७१ रोजी. चौकात त्याचा पुतळा आहे. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शाळेत शिकलेल्या कुणालाही त्या चौकात उभं राहून भरून येईल. श्टुटगार्टभोवतालच्या प्रोटेस्टंट वुर्टेम्बर्ग प्रांताच्या मधोमध हे कॅथलिक गाव, म्हणून लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) आधीचा ‘फास्नेट’ हा मुखवट्यांचा सण इथे दणक्यात होतो. मुलांसाठी गावातच गिम्नाझियुम (विद्यापीठाची वाट खुली करणारी माध्यमिक शाळा) आहे, म्हणजे विद्यापीठात जाईपर्यंत शाळेसाठी बाहेर जायला नको.

तरीही पहिलं वर्ष शहरातच काढा, असं मी म्हणेन, विशेषतः जोडीदाराला अजून जर्मन येत नसेल तर. श्टुटगार्टमध्ये भारतीय किराणा मिळतो, जर्मनचे वर्ग मिळतात, मराठी बोलणारं कुणीतरी भेटतं. वाइलमध्ये दवाखान्यात फोन करण्यापासून बालवाडीच्या पालकसभेपर्यंत सगळं जर्मनमध्येच.

घर बघायला नोव्हेंबरातल्या रविवारी जा. दुकानं बंद असतील, पाचला अंधार पडलेला असेल. आणि दिवसभर घरी जे माणूस राहणार आहे, त्याला सोबत न्या.