आठव्या दिवशी नवरी गेली, आम्ही सहा महिने गप्प बसलो

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. करमाळा तालुक्यात चार एकर रान, व्यसन सुपारीचंही नाही. सहा वर्षं स्थळं पाहिली आणि जिथं तिथं एकच प्रश्न ऐकला, "पोरगा पुण्याला कामाला आहे का?" डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली, तेव्हा लोक व्हिडिओ पाहून हसले. भाऊ उठून गोठ्यात गेला. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. बीडमध्ये तर ८०७. पोटातच पोरी मारल्या, त्याचं हे फळ.

आईचे गुडघे गेले आणि घाई सुरू झाली. खरं सांगतो, आम्हाला सुनेपेक्षा भाकरी थापणारं माणूस हवं होतं. नात्यातल्याच एकानं मध्यस्थ गाठून दिला. "बाप नाही पोरीला, मामा-मावशीनं वाढवलीय. हुंडा नको, तुम्हीच खर्चाला एक लाख ऐंशी हजार द्या." रात्री फोटो आला, सकाळी फोन, "दुसरी पार्टी तयार आहे, आज काय ते सांगा." कांद्याची पट्टी नुकतीच हातात आली होती. उरलेल्यासाठी आईनं पाटल्या मोडल्या.

मुलीचं गाव मामा एक सांगायचा, मावशी दुसरं. आधारची झेरॉक्स इतकी काळी की चेहरा दिसेना. मूळ कार्ड मागितलं तर मामा म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू द्या." स्थळ हातचं जाईल म्हणून मी तोंड मिटलं. तीच माझी चूक. देवळात हार घातले, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, पैसे रोख मोजून दिले.

आठ दिवस ती चांगली वागली. रोज रात्री आईच्या गुडघ्यांना तेल चोळायची. आईनं तिचे दोन ब्लाउज शिवायला टाकले. मग मावशी आजारी असल्याचा फोन आला. भाऊ तिला घेऊन स्टँडवर गेला. तिनं पाण्याची बाटली आणायला सांगितली. तो परत येईपर्यंत ती नव्हती, फोनही बंद. मंगळसूत्र, पैंजण तिच्या अंगावरच होते. रात्री नऊला मी गेलो, तर हा ती बाटली हातात धरून बाकावर बसलेला.

अब्रू जाईल म्हणून आम्ही सहा महिने कुणाला कळू दिलं नाही. शेवटी तक्रार दिली तेव्हा कळलं, तिचा नवरा जिवंत आहे, एक मूल आहे, आणि आमच्याआधी दोन घरांत हेच झालंय. तिच्या हाती थोडेच पैसे पडायचे, बाकी मध्यस्थ आणि 'मामा' वाटून घ्यायचे. आमची रक्कम रोख गेलेली, पावती नाही, पुरावा नाही.

स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणजे लग्न होत नाही. ग्रामपंचायतीत नोंदणी करा; तिथं दोघांची कागदपत्रं आणि तीन साक्षीदार लागतात, असली माणसं तिथंच पाय मागं घेतात. मूळ आधार हातात घ्या, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अ‍ॅपनं तपासा. मुलीच्या गावी स्वतः जा, पोलीस पाटलाला विचारा, शेजारणीला विचारा. पैसे मागितले तर उठून या. आणि फसलातच तर त्याच दिवशी ठाण्यात जा. फसवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यानं रद्द करून घेता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पहिला नवरा हयात असेल, तर ते लग्न मुळातच बेकायदा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून एका बापाचा फोन आला. फोटो पाठवला, तीच पोरगी. लग्न रविवारी होतं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात. पाहुण्यांना काय सांगू?" मी म्हणालो, "माझा नंबर द्या. मी सांगतो."