तांब्याच्या भावात ॲल्युमिनियमची नळी

नागपूरच्या उन्हाळ्यात बाबांना दुपारी गारवा लागतोच. म्हणून बारा वर्षं वापरलेला एसी बदलायचं आम्ही मार्चमध्येच ठरवलं. मशीन नीट चौकशी करून दुकानातून घेतलं. फसलो ते बसवून घेताना.

आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, जुन्यात आर-२२ गॅस होता, नव्यात आर-३२ आहे. जुनी नळी चालणार नाही." यात खोटं काही नव्हतं. आर-३२ चा दाब जास्त असतो आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. "भंगार मीच उचलून नेतो," म्हणत त्याने जुनं मशीन, तांब्याच्या नळीसकट, फुकटात नेलं. तांबं किलोवर विकलं जातं, हे मला सुचलंच नाही.

नवी नळी काळ्या फोममध्ये, वरून पांढरी टेप. मीटरला ९०० रुपये, आठ मीटर. पाऊण तासात काम आटोपलं. नळीतली हवा आणि ओल खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप त्याने आणलाच नव्हता. नट जरा सैल करून फुस्स आवाज येऊ दिला आणि म्हणाला, "हवा निघाली."

मे महिन्यात थंड हवा बंद. "गॅस संपला ताई." २,८०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बाबा ओली चादर अंगावर घेऊन कूलरसमोर बसायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एसीतला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

मग दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने जोडाजवळची टेप सोडवून नळीवर ब्लेड फिरवलं. तांबूस मुलाम्याखालून पांढरी रेघ उमटली. ॲल्युमिनियम! जोडाच्या तोंडाला केसाएवढी चीर. मोजपट्टीने मोजलं तर नळी जेमतेम पाच मीटर. कंपनीने हात वर केले, बाहेरच्या माणसाच्या फिटिंगला वॉरंटी नाही. पहिल्याकडे बिल मागितलं, तर त्याने फोन उचलणंच सोडलं.

एसी बदलणार असाल तर नळीला फोम चढण्याआधी तिचा कापलेला काठ बघा, खरवडून बघा. लांबी स्वतः मोजा आणि बिलावर 'तांबं' असं लिहून घ्या. व्हॅक्यूम पंप आणला नसेल तर काम सुरूच करू देऊ नका. आमच्याकडे दुसऱ्याने पंप अर्धा तास चालवला, मग कुठे गळती नाही ना, म्हणून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतोय का ते बघत थांबला. बाबाही खुर्ची ओढून शेजारी बसले होते.