रेडरीडर: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव (कमेंट वाचणाऱ्यांसाठी)

महिन्याचे पैसे दोनदा कापले गेले, सपोर्टला मेल टाकला तर तोच ठरलेला मजकूर दोनदा परत आला, तेव्हा रेडिट (लोक पोस्ट टाकतात आणि त्याखाली चर्चा करतात ती वेबसाइट) वाचायला घेतलेलं ते पैसेवालं ॲप मी काढून टाकलं. नाव घेत नाही, कारण ते एकट्या माणसाने चालवलेलं ॲप आहे आणि त्याचं काम बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही. पण वाचायचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि वर भांडायचं पण आपणच, हे मला झेपत नाही. मग रेडरीडर टाकलं, हे पण रेडिट वाचायचंच ॲप, रेडिट कंपनीचं नाही, बाहेरच्या लोकांनी बनवलेलं. फुकट, जाहिराती नाहीत, ट्रॅकिंग नाही, सोर्स कोड कोणालाही बघता येईल असा खुला. तेव्हापासून तेच वापरतोय.

पहिले काही दिवस आवडलं नव्हतं, खरं सांगतो. आधी मी रेडिट इज फन वापरायचो, ते 30 जून 2023 ला बंद झालं, अपोलो, सिंक, बेकनरीडर ही तसलीच बाहेरची ॲप पण त्याच दिवशी गेली, का ते खाली सांगतो. त्या सवयीने रेडरीडर उघडलं तर फारच साधं वाटलं, मोठी चित्रं नाहीत, सगळा मजकूरच मजकूर. आता मत पूर्ण बदललंय. मी रेडिटवर येतो तेच मुळी कमेंटसाठी, पोस्ट वाचायला दहा सेकंद आणि खालची चर्चा वाचायला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासासाठी याच्याइतकं बरं ॲप मला अजून दिसलेलं नाही.

कमेंटबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण ॲप चांगलं की वाईट हे माझ्यासाठी तिथेच ठरतं. कोण कोणाला उत्तर देतंय हे कळलं नाही तर रेडिट वाचण्यात अर्थच नाही. रेडरीडरमधे प्रत्येक उत्तर थोडं आत सरकतं, बाजूला उभ्या रेषा दाखवता येतात, कमेंटवर टॅप केलं की ती मिटावी की मेनू उघडावा हे सेटिंगमधे ठरवता येतं. मी मिटणं ठेवलंय, एक टॅप की अख्खं भांडण गायब आणि पुढचा मुद्दा समोर. डावी-उजवीकडे सरकवल्यावर काय व्हावं तेही आपणच ठरवायचं. शिवाय कमेंट आधीच उतरवून ठेवायची सोय आहे, कायम, कधीच नाही किंवा फक्त वायफायवर. मी वायफायवर ठेवलीये, त्यामुळे बाहेर रेंज गेली तरी यादीतल्या पोस्टखालची चर्चा उघडते.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती वेगळीच. माझ्या एका मित्राला दिसत नाही, तो फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर, ऐकून वापरतो. आपल्याला रेषा दिसतात, त्याला कशा दिसणार? त्याच्यासाठी सगळ्या कमेंट एकाखाली एक सारख्याच, कोणाचं उत्तर कोणाला हे कळायला मार्ग नाही. रेडरीडरमधे एक सेटिंग आहे, ती चालू केली की स्क्रीन रीडर कमेंट कितव्या पातळीवर आहे तेही बोलतो. त्याच्या शेजारी बसून मी ऐकलं, इतक्या वेगात की मला अर्धे शब्दच लागले नाहीत, पण तो मधेच थांबून म्हणाला, "हा तिसऱ्या पातळीवरचा चुकीचं बोलतोय, वरच्याने तसं म्हटलंच नव्हतं." एवढंच. एका आकड्याने त्याला सगळी चर्चा उलगडली! मोठमोठ्या कंपन्यांच्या ॲपमधे बटनांना नावं नसतात, स्क्रीन रीडर नुसतं "बटन, बटन" करत राहतो, आणि इथे फावल्या वेळात काम करणाऱ्या लोकांनी हा विचार केलाय.

आणि म्हणूनच 2023 चा ब्लॅकआउट, म्हणजे रेडिटवरच्या लोकांनी निषेध म्हणून पाळलेला बंद, फुकट गेला असं कोणी म्हणालं की मला राग येतो. 12 जून 2023 ला 8,000 पेक्षा जास्त सबरेडिट, म्हणजे रेडिटवरचे एकेका विषयाचे गट, एकदम खासगी झाले, बाहेरच्यांना दिसेनासे झाले, ते आठवत असेलच. कारण एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना रेडिटवरचा मजकूर मागवायच्या सोयीचे, नवे दर, 1,000 कॉलला (मजकूर हजार वेळा मागवायला) 0.24 डॉलर. ऐकायला चिल्लर वाटते, पण अपोलोच्या डेव्हलपरने हिशोब मांडला होता, त्याच्या ॲपचे महिन्याला सुमारे 700 कोटी कॉल, म्हणजे वर्षाला 2 कोटी डॉलर. एक सरासरी वापरणारा दिवसाला 344 कॉल करतो, तीस दिवसांचे धरले तर माणशी महिन्याला अडीच डॉलरच्या आसपास, आणि वर नवीन नियमांप्रमाणे अशा ॲपमधे स्वतःच्या जाहिराती पण दाखवायच्या नाहीत. दर जाहीर झाल्यापासून ते लागू होईपर्यंत हातात जेमतेम महिना. कंपनीने एपीआयचे पैसे घ्यावेत, सर्व्हर फुकट चालत नाहीत हे मला मान्य आहे, पण एवढ्या मुदतीत कोण सावरणार? रेडिटचं स्वतःचं अँड्रॉइड ॲप आलंच 2016 मधे, त्याआधी कित्येक वर्षं फोनवरचं रेडिट याच बाहेरच्या लोकांनी चालवलं होतं.

दर शेवटपर्यंत कमी झाले नाहीत, हे खरंय. दोन दिवसांचाच बंद जाहीर केला होता त्यामुळे कंपनीला नुसतं थांबून राहणं सोपं गेलं, आणि सबरेडिट सांभाळणारे जे मॉडरेटर नंतरही बंद ठेवून बसले त्यांना तुमच्या जागी दुसरे आणू असं कळवण्यात आलं. पण आर ब्लाइंड या न दिसणाऱ्यांच्या सबरेडिटमधल्या लोकांनी आवाज उठवला म्हणून बंदच्या काही दिवस आधी कंपनीने जाहीर केलं की पैसे न कमावणाऱ्या, अपंगांना उपयोगी पडणाऱ्या ॲपना दर लागणार नाहीत. रेडरीडर, डिस्टोपिया, लूना त्यात बसली. मी आज जे ॲप फुकट वापरतोय ते त्या ओरडण्यामुळे जिवंत आहे, माझ्या मित्राला पातळीचा आकडा ऐकू येतो तोही त्यामुळेच. हे फुकट गेलं कसं म्हणायचं?

तक्रारी पण सांगतो. चॅट नाही, पोलमधे मत देता येत नाही, कारण रेडिटने या गोष्टी बाहेरच्या ॲपना दिलेल्याच नाहीत, त्यासाठी ब्राउझर उघडावा लागतो. चॅटचं मला काही नाही, पण पोल असलेली पोस्ट आली की चिडचिड होते. सेटिंग इतकी आहेत की नवीन माणूस गांगरेल. मी पहिला तासभर त्यातच घालवला, तरी सांगेन की तेवढा वेळ द्याच, कमेंटचा फॉन्ट, रेषा, टॅप आणि वायफायवर आधी उतरवणं एवढ्या चार गोष्टी लावल्या तरी ॲप वेगळंच वाटायला लागतं.

खरी काळजी दुसरीच आहे. ही सूट कंपनीने दिलीये, कायद्याने नाही, उद्या काढून घेतली तर काय? मार्च 2024 मधे रेडिट शेअर बाजारात आलं, आणि त्याच वर्षी असा नियम आला की सबरेडिट सार्वजनिकचं खासगी करायचं तर आधी कंपनीची परवानगी लागेल. म्हणजे तसा बंद पुन्हा करायचाच म्हटलं तर आता तो विचारून करावा लागणार. मला हे फार खुपतं. दर वाढले तेव्हा लोकांच्या हातात ती एकच गोष्ट होती.

ज्यांना व्हिडिओ स्क्रोल करत बसायचंय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नका, कंटाळाल. ज्यांना वाचायचंय त्यांनी नक्की टाका, दिसत असो वा नसो, आणि घरात कोणी टॉकबॅक वापरत असेल तर ती पातळीची सेटिंग ॲक्सेसिबिलिटीमधे जाऊन स्वतः चालू करून द्या. हे फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांनी डिस्टोपिया बघा, मी वापरलेलं नाही त्यामुळे त्याबद्दल काही बोलत नाही.